उजवा मडगार्ड

२१ मार्च, सोमवार

ही वही बीजगणिताच्या टाचणांसाठी आणली होती. पहिली चार पानं फाडून टाकली. रौदा गाबेसला आईकडे गेली आहे, बुधवारी येईल. घरात बोलायला कुणी नाही, आणि असतं तरी हे बोलण्यासारखं नाही.

काल मी लल्ला दूजांची गाडी ठोकली.

लल्ला दूजा आमच्या घरमालकीण. खालचं घर, विहीर आणि लिंबांची बाग त्यांची, वरचा मजला आमच्याकडे भाड्यानं. त्यांचे यजमान डॉक्टर झुहेर चार वर्षांपूर्वी वारले. मागे राहिली ती त्यांची उघड्या टपाची प्यूजो, चारशे चार, पासष्ट सालची, मलईच्या रंगाची. इथं स्फाक्समध्ये चारशे चारचे पिकअप गल्लोगल्ली कांदे वाहतात, पण तीच गाडी उघड्या टपाची म्हणाल तर शहरात ही एकच. डॉक्टर गेल्यावर लल्ला मला म्हणाल्या, "सी लसाद, तुम्ही गणिताचे मास्तर, सावध माणूस. दर शुक्रवारी तेवढी सुरू करत जा. फाटकाबाहेर मात्र न्यायची नाही." चार वर्षं मी दर शुक्रवारी दहा मिनिटं इंजिन चालवून बंद करत आलो.

काल स्वातंत्र्यदिनाची सुट्टी होती. लल्ला ट्युनिसला मुलीकडे. राखणदार मब्रूक रविवारी त्याच्या घरी जातो, पण किल्ल्यांचा जुडगा त्याच्या खिळ्याला होता. मी टप खाली केला आणि फाटक उघडलं. शफ्फारच्या किनाऱ्यापर्यंत गेलो, वाळूत गाडी उभी केली, एकट्यानंच एक लिंबाचं सरबत प्यालो. सेहेचाळीस वर्षांच्या आयुष्यात लोकांनी माझ्याकडे वळून पाहिलं असा हा पहिला दिवस. परत येताना समोरून सहलीची बस आली. खिडक्यांतून बायकापोरं टाळ्या वाजवायला लागली. मी हात वर केला. हात वर केला, हसलो, आणि मोरीच्या दगडी कठड्यावर गेलो.

मला खरचटलंही नाही. गाडीचा उजवा मडगार्ड आत चेपला, हेडलाइट फुटला, बंपर वाकला. कशीबशी गाडी आणून जागेवर लावली, टप वर केला आणि तिच्यावर चादर ओढली. फाटकापाशी काचा पडल्याचा आवाज आला होता, पण थांबून वेचायचं धैर्य झालं नाही.

लल्ला परवा येतील. आल्या आल्या सांगून टाकेन.

२२ मार्च, मंगळवार

सकाळी काचा वेचायला खाली गेलो. एकही तुकडा सापडला नाही. वाऱ्यानं गेल्या असाव्यात.

मब्रूक नळी घेऊन लिंबांना पाणी घालत होता. "सुट्टी कशी गेली, सी लसाद?" म्हणाला. मी म्हटलं, घरीच होतो, पेपर तपासले. तो बराच वेळ त्याच एका झाडाला पाणी घालत राहिला. म्हातारा झालाय.

२३ मार्च, बुधवार

जसं घडलं तसंच लिहितो.

लल्ला दुपारी आल्या. मी शाळेतून येईपर्यंत त्यांनी चादर काढली होती. मब्रूक समोर उभा होता, टोपी हातात. मला पाहताच लल्ला म्हणाल्या, "सी लसाद, बघा! बघा माझ्या झुहेरच्या गाडीचं काय केलंय ते. कुणी केलं हे?"

मी सांगणार होतो. तोंड उघडलंही होतं. आणि माझ्या तोंडून आलं, "शुक्रवारी सुरू केली तेव्हा नीट होती."

यात एकही शब्द खोटा नाही. शुक्रवारी ती नीटच होती.

लल्ला मब्रूककडे वळल्या. "किल्ल्यांचा जुडगा तुझ्याकडे. तुझा तो भाचा कमाल वडापची गाडी चालवतो, आणि प्रत्येक वेळी आला की दात काढतो, 'मावशी, एकदा फिरवू का?' म्हणून. त्याला दिलीस ना किल्ली?"

मब्रूकनं माझ्याकडे पाहिलं. नुसतं पाहिलं. रागानं नाही. एखादा विद्यार्थी फळ्यासमोर उभा असताना मास्तर पुढच्या पायरीची वाट बघतो, तसं. मी गाडीच्या चाकाकडे बघत राहिलो. मग तो म्हणाला, "किल्ली माझ्याकडे होती, लल्ला. जबाबदारी माझी."

"म्हणजे कमालनंच."

"कमालचं नाव मी घेतलं नाही."

"घ्यायला नकोच. एकोणीस वर्षं मीठ खाल्लंस आणि चोराला दार उघडलंस. किल्ल्या ठेव आणि चालता हो."

त्यानं जुडगा विहिरीच्या कट्ट्यावर ठेवला. जाताना माझ्यापाशी थांबून म्हणाला, "विदाद तुमच्या वर्गात आहे, सी लसाद. पोरगी तुमच्या हातात आहे." त्याची मुलगी विदाद यंदा बाकलोरेआच्या शालान्त परीक्षेला बसतेय, गणित माझ्याकडेच. अशा वेळीही माणूस लेकीचा विचार करतो. माझे डोळे भरून आले.

पण तो गप्प का राहिला? कमालनं खरंच कधी गाडी नेली असेल का? नाहीतर माणूस असा दोष पत्करत नाही.

२५ मार्च, शुक्रवार

लल्लांना म्हटलं, गाडी मी दुरुस्त करून आणतो. सुटे भाग शोधणं, गॅरेजच्या खेपा, सगळं माझ्यावर सोपवा. त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "देवानं मला मुलगा दिला नाही, पण तुम्हाला वरच्या मजल्यावर ठेवलं." तीस जुलैला त्यांच्या नातीचं लग्न आहे. तिची आई याच गाडीतून मांडवात गेली होती, नातही जाणार. "आणि गाडी तुम्हीच चालवायची," म्हणाल्या.

जेवण गेलं नाही. रौदानं ऑक्टोपसचं सूप केलं होतं, माझं आवडतं. जेवल्यावर ती माझं खाकी जाकीट खिडकीबाहेर धरून झटकत बसली होती, बराच वेळ.

२७ मार्च, रविवार

गाडी टोचन करून उस्ता अयाशीकडे नेली. अयाशी पत्र्याचं काम करतो. साठीचा आहे, एका कानानं कमी ऐकतो आणि दोन माणसांइतकं बोलतो. त्यानं डोळे मिटून पोच्यावरून तळहात फिरवला, जसा दाई पोटावरून फिरवते.

"मास्तर, इंजिन, ब्रेक, गिअर काही मागा. समोरचा कांदेवालासुद्धा काढून देईल. पण हे वरचं कातडं? हे इटलीत शिंप्यानं माप घेऊन शिवल्यासारखं एकेक हातानं बसवलंय. पिकअपचा मडगार्ड याला लावणं म्हणजे नवरदेवाच्या कोटाला गोणपाटाची बाही."

"ठोकून सरळ नाही होणार?"

"पत्रा घडी पडून फाटलाय. ठोकला तर पुट्टी भरावी लागेल बोटभर. लग्नातल्या पहिल्या ढोलाला गळून पडेल. दुसरा शोधा." मग बंपरच्या आतून त्यानं चिमूटभर काहीतरी काढलं आणि माझ्या तळहातावर ठेवलं. वाळू. "राखणदाराच्या भाच्यानं ठोकली म्हणता?"

"असं लल्ला म्हणतात."

"वडापवाला, आणि सुट्टीच्या दिवशी धंदा सोडून समुद्रावर!" तो हसला. "स्फाक्सचा नसेल."

मी वाळू पँटला पुसली.

६ एप्रिल, बुधवार

गेल्या आठवड्यात तीन भंगारबाजार पालथे घातले. ग्रेम्दा रस्त्यावरच्या मोठ्या भंगारवाल्याकडे चारशे चारचे अकरा सांगाडे आहेत, सगळे पिकअप नाहीतर साध्या मोटारी. हेडलाइटची काच मिळाली, बंपरचं एक टोक मिळालं, पण मडगार्डचं नाव काढलं की सगळे हसतात. एक जण म्हणाला, "साहेब, त्यापेक्षा नवरीच बदला."

वर्गात विदादनं हात वर करणं बंद केलंय. पूर्वी प्रश्न पुरा व्हायच्या आत तिचा हात वर असायचा. आता पहिल्या बाकावरून तिसऱ्यावर बसते आणि मी तिच्या रांगेत गेलो की वही छातीशी धरते. बापाची नोकरी गेली, घरात ताण असणार. तिच्यासाठी काहीतरी करायला हवं असं वाटत होतं. आज चाचणीचे पेपर तपासले. तिला वीसपैकी पंधरा पडत होते, मी सतरा दिले. वर्षभराची सरासरी शेवटच्या निकालात धरतात, तेव्हा हे दोन गुण तिला उपयोगी पडतील. फार दिवसांनी मला हलकं वाटलं.

८ एप्रिल, शुक्रवार

तास संपल्यावर विदाद टेबलापाशी आली. पेपर पुढे ठेवून म्हणाली, "सर, बेरीज चुकली आहे. पंधरा होतात."

"मला माहीत आहे. तुझी रीत चांगली होती, म्हणून."

"रीत चुकलीये सर. तिसऱ्या ओळीत चिन्ह चुकलंय." तिचे ओठ पांढरे पडले होते. "प्लीज, पंधराच करा."

मी पंधरा केले. किती प्रामाणिक पोरगी! असल्या घरात असले संस्कार. आणि मी त्या घराचं काय केलं!

शुक्रवार आहे, पण सुरू करायला गाडी नाही. सवयीनं खाली गेलो आणि रिकाम्या जागेसमोर दहा मिनिटं उभा राहिलो.

२४ एप्रिल, रविवार

इटलीतल्या एका संग्राहकाचं उत्तर आलं. त्याच्याकडे डावा मडगार्ड आहे. डावा!

संध्याकाळी लल्लांना सांगायला गेलो. त्या बदाम सोलत बसल्या होत्या. ऐकून म्हणाल्या, "झुहेरनं एकदा अशीच दुसरी गाडी घेतली होती, एका इटालियन कंत्राटदाराची, मागून जळालेली. सुट्या भागांसाठी म्हणून. कुठल्याशा तेलघाणीत टाकून ठेवली. मी विचारलं तर म्हणायचा, सवत लपवून ठेवलीय."

"कुठली तेलघाणी?"

त्यांचे हात थांबले. "ते त्याला ठाऊक. बरोबर तोच गेला होता ना." मब्रूकचं नाव त्या घेत नाहीत. "नको. नाहीच मिळाला तर भाड्याच्या गाडीतून जाईल पोर."

मी म्हणालो, बरं. त्याच्याकडे जायचं नाही हे त्यांनीच सांगितलं, मी नाही. आणि जिना चढताना मला बरं वाटत होतं, हेही लिहून ठेवतो.

१ मे, रविवार

गेलो. लल्लांना न सांगता.

मब्रूक थीनाच्या मिठागरात लागला आहे. त्याच्या बायकोनं तसं दारातूनच सांगितलं, आत या म्हणाली नाही. मिठागरावर डोळे उघडवत नव्हते. तो गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट घालून फावड्यानं मीठ ओढत होता. अठ्ठावन्न वर्षांचा माणूस. मला बघून बांधावर आला, बूट काढला, तर पाय भेगांनी चिरलेले आणि भेगांत मीठ.

"राखणदारीचं काम नाही मिळालं?" मी विचारलं.

"कोण देणार? पूर्वी कुठं होतास, का काढलं, एवढं तर विचारणारच ना कुणीही. कमाललाही स्टँडवर लोक चिडवतात. त्यानं माझ्याशी बोलणं टाकलंय." आणि लगेच, "विदादचं कसं चाललंय, सी लसाद? काही चुकतंय का तिचं? चुकलं तर मला सांगा, मी समजावीन तिला. तिच्यावर रागावू नका."

"मी कशाला रागावेन? हुशार आहे पोरगी."

"देव तुमचं भलं करो," तो म्हणाला, आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिला.

मी मडगार्डचं विचारलं. त्यानं क्षणभरही आढेवेढे घेतले नाहीत. पुढच्या रविवारी नेतो म्हणाला.

८ मे, रविवार

बीर अलीच्या पुढं, ऑलिव्हच्या रांगांच्या मधोमध, बंद पडलेली तेलघाणी. मब्रूकला वाट वळणांसकट पाठ होती. वाटेत तो एवढंच बोलला, "डॉक्टर इथं थांबून लघवी करायचे."

गाडी होती! मागचा भाग काळा कोळसा, पुढचा भाग जसाच्या तसा. कोंबड्यांनी बैठकीवर अंडी घातली होती. घाणीवाला म्हणाला, "न्यायची तर न्या, पण खुराडं बांधून द्या." उजवा मडगार्ड मी बोटांनी चाचपला. गंज होता, पण पोचा एकही नाही. लहान मुलासारखा ओरडलो.

मब्रूकनं तेलाचा डबा आणला होता. प्रत्येक नटावर तेल सोडायचा, थांबायचा, पाना लावायचा, हळूच अर्धा फेरा. आम्ही दोघं मातीत उताणे पडून तीन तास काम केलं. त्यानं आणलेली भाकरी, ऑलिव्ह आणि हरिसाची तिखट चटणी खाल्ली. माझ्या आयुष्यातल्या बऱ्या दिवसांपैकी हा एक असावा असं वाटलं, आणि लगेच लाज वाटली.

शेवटचा नट सुटला तेव्हा मी म्हणालो, "मब्रूक काका, मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या रविवारी..."

त्यानं हात वर करून मला थांबवलं. "आत्ता नको, सी लसाद. विदादची परीक्षा होऊ दे. निकाल लागू दे. मग बोलू." त्याचा हात काळा झाला होता आणि थरथरत होता, नट फार घट्ट होते म्हणून असेल.

मोठ्या मनाचा माणूस. लेकीच्या परीक्षेआधी घरात नको तो विषय नको, एवढंच त्याचं म्हणणं. मी सुटकेचा श्वास टाकला. सांगायला गेलो होतो, त्यानंच थांबवलं. देव साक्षीला आहे.

५ जून, रविवार

परवापासून बाकलोरेआ. काल शेवटच्या शंकासमाधानाच्या तासाला विदाद आली नाही.

अयाशीनं मडगार्ड बसवला. सरळ बसेना, दाराकडे अर्धं बोट जास्त होता. तीन दिवस तासत होता. आज रंगाचा हात दिला. "मलई म्हणता, पण कुठली?" त्यानं विचारलं. "नवीन गाडीची, की चाळीस वर्षं ऊन खाल्लेली?" त्यानं रंगात थोडा पिवळा आणि चहाच्या थेंबाएवढा तपकिरी घातला, आणि जोड कुठं आहे ते दाखवा म्हणाला. मला सापडला नाही.

"हे माझं काम," तो म्हणाला. "वरून काही कळता कामा नये. आतून मात्र मी ठोक्यांच्या खुणा तशाच ठेवतो. पुढचा डेंटर मडगार्ड उघडेल तेव्हा त्याला कळलं पाहिजे की इथं काय झालं होतं. त्याला फसवायचं नसतं." मग माझ्या खांद्यावर थाप मारून, "चहा घ्या मास्तर. तुम्ही फार वाळलात."

लल्ला गाडी बघून रडल्या. शेजारणींना बोलावून दाखवली. "सी लसादनं केलं हे. सख्खा करणार नाही." मी मान खाली घालून उभा होतो, आणि त्या म्हणाल्या, "बघा, किती विनयशील."

१२ जून, रविवार

रौदानं आज विचारलं, "सांगितलंस का लल्लांना?"

"काय?"

"जाकिटाच्या खिशात वाळू होती, लसाद. आणि शफ्फारच्या हॉटेलचा कागद. मला आधी वाटलं, कुणी बाई असेल. आठ दिवस मी तेच समजून होते. मग मब्रूकला का काढलं ते कळलं." ती भाजी निवडत होती, वर बघितलं नाही. "बाई असती तर बरं झालं असतं, असंही वाटून गेलं."

"मी त्याला सांगायला गेलो होतो. तोच नको म्हणाला."

"का म्हणाला?"

"परीक्षा आहे म्हणून."

आता तिनं वर बघितलं. "तुला खरंच कळत नाही?" मी म्हटलं, काय कळायचंय त्यात? ती उठून गेली. तेव्हापासून गरजेपुरतंच बोलते आहे.

२९ जून, बुधवार

विदाद पास झाली. उत्तम श्रेणी. गणितात वीसपैकी अठरा, शाळेत दुसरी. फलकासमोर मुली किंचाळत होत्या, ती एका बाजूला उभी राहून बापाच्या खांद्यावर डोकं टेकून रडत होती. मी अभिनंदन करायला पुढं झालो, तर दोघंही ताठ झाली.

३० जून, गुरुवार

मब्रूक आला. पांढरा सदरा, दाढी केलेली. जिना चढून वर आला, एकोणीस वर्षांत पहिल्यांदाच. रौदानं चहा ठेवला. त्यानं प्याल्याला हात लावला नाही.

"आता तिच्यावर कुणाची लेखणी नाही," तो म्हणाला.

"म्हणजे?"

"म्हणजे आता मला तुमची भीती नाही, सी लसाद."

मला काही समजेना. तो शांतपणे सांगत गेला. त्या रविवारी तो घरी गेलाच नव्हता, विहिरीमागच्या खोलीत होता. मला जाताना पाहिलं, येताना पाहिलं. रात्र पडायच्या आत काचा त्यानंच झाडल्या. "म्हटलं, मास्तर माणूस आहे, लल्ला आल्यावर मानानं सांगेल. काचा कशाला दिसाव्यात? मग त्या दिवशी लल्ला तुम्हाला विचारतायत आणि तुम्ही चाकाकडे बघताय. तेव्हा मला कळलं. खरं बोललो तर लल्ला माझं मानणार नाहीत, आणि तुम्ही तर वर्षअखेरपर्यंत पोरीचे पेपर तपासणार."

"मी तिचे गुण कापले असते? मी? मब्रूक काका, मी तुम्हाला कधी धमकी दिली का?"

"नाही. तुम्ही काहीच बोलला नाहीत. तेच तर. दोन गुण वाढवलेत ना, त्या दिवशी पोरगी घरी येऊन ओकली. म्हणाली, बाबा, जो असे देतो तो असेच काढूनही घेईल. तीन महिने ती तुमच्या वर्गात श्वास धरून बसली. अठरा पडले, ते तुमच्यामुळं नाही, तुम्ही असूनही पडले."

मी वहीत हे सगळं लिहीत आलो. दर आठवड्याला. त्यानं माझ्या तोंडाकडे बघणं, तिनं वही छातीशी धरणं, सगळं लिहिलं, आणि एकदाही मला कळलं नाही. मी त्याला मोठ्या मनाचा म्हटलं, तिला प्रामाणिक म्हटलं. ती दोघं मला घाबरत होती.

उठताना तो म्हणाला, "रविवारपर्यंत तुम्ही सांगा. नाहीतर मी सांगेन. मला तुमच्यासारखं जपून बोलता येत नाही, पण सांगेन."

१ जुलै, शुक्रवार

गाडी सुरू केली. दहा मिनिटं चालवली. लल्ला खिडकीतून बोलल्या, "आवाज कसा गोड येतोय!" मी म्हटलं, हो. आणि वर आलो.

२ जुलै, शनिवार

आज सांगितलं.

लल्ला पलंगावर नातीच्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं, बसलो असतो तर पुन्हा फाटे फोडले असते. किनारा, बस, वर केलेला हात, कठडा. बसमधल्या लोकांना बघून हात वर केला, हेसुद्धा सांगितलं.

त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मी तुला विचारलं होतं, तेव्हा तू काय म्हणालास ते पुन्हा म्हण." सहा वर्षांत त्यांनी मला कधी अरे-तुरे केलं नव्हतं.

"शुक्रवारी सुरू केली तेव्हा नीट होती."

"वा. किती जपून." त्यांनी घडी मोडली, पुन्हा घातली. "मला गाडीचं काही नाही. पत्राच तो. पण माझ्या तोंडून तू त्याला चोर म्हणवलंस." आणि हळू आवाजात, "तोंड मात्र माझंच होतं."

मग त्यांनी पांढरी चादर डोक्यावरून घेतली आणि म्हणाल्या, "गाडी काढ. आणि टप खाली कर. कोण चाललंय ते गल्लीला दिसू दे."

मब्रूकच्या गल्लीत गाडी जेमतेम मावली. दारांत, गच्च्यांवर माणसं जमली. तो दारात आला, मागे त्याची बायको आणि विदाद. लल्ला गाडीतून उतरल्या, सगळ्यांच्या देखत त्याच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "मब्रूक, मी तुझ्यावर अन्याय केला. परत ये."

"माफी मागायची नाही, लल्ला. तुम्ही मोठ्या." त्याचे डोळे वाहत होते. "पण परत नाही येणार. एकदा सांगितलं, चालता हो, की माणूस मग कायम दाराकडे बघत बसतो."

लल्लांनी मान हलवली. "निदान कमालला सांग, लग्नात गाडी त्यानं चालवायची. मी त्याच्या स्टँडवर जाऊन बोलावीन." लग्नात गाडी चालवायचं काम माझं ठरलं होतं. कुणी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

"एक मागू?" मब्रूक म्हणाला. "बंदराच्या गोदामात राखणदार हवाय. तिथं विचारतात, का काढलं. मला कागद हवा. एकोणीस वर्षं नोकरी केली, चोरी केली नाही, आणि गाडीचं काय झालं ते. सही लल्लांची. पण लिहायचं सी लसादनी."

विदादनं आतून कागद आणि पेन आणलं. टेबल नव्हतं, मी बॉनेटवर कागद ठेवला. उन्हानं पत्रा तापला होता, मनगट टेकवत नव्हतं. माझं अक्षर चांगलं आहे, सगळे म्हणतात. लिहून झाल्यावर मब्रूकनं कागद लेकीकडे दिला, त्याला वाचता येत नाही. तिनं मोठ्यानं वाचायला सुरुवात केली, गच्चीवरच्या लोकांनाही ऐकू जाईल एवढ्या आवाजात. "वीस मार्च रोजी, मब्रूक यांचा काहीही दोष नसताना, सदर गाडीला अपघात झाला..."

ती थांबली. तीन महिन्यांनंतर तिनं पहिल्यांदा सरळ माझ्या डोळ्यांत पाहिलं.

"'अपघात झाला' नको, सर. 'मी ठोकली' असं लिहा. खाली नाव लिहा."

तिनं कागद पुन्हा बॉनेटवर ठेवला आणि उडू नये म्हणून कडांवर बोटं दाबून धरली. मी ती ओळ खोडली आणि लिहिलं.